बरणीवरील पारसीक देश

लिंबागणेश येथील एका दुकानात घडलेला प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. नाशिककडून या गावी सून म्हणून आलेल्या एका भगिनीने चटणीसाठी ‘खुरासणी’ मागितली. तिच्या माहेरी कारळ्यांस हेच नाव आहे. दुकानदाराने ‘खुरासानी ओवा’ लिहिलेली बरणी उघडली! आम्ही तेथे उपस्थित होतो, म्हणून पुडी बांधली गेली नाही.

कारळ्यांचा खुरासान प्रांताशी काही संबंध नाही. ते बी मूळचे इथिओपियाचे. खुरासानी ओवा मात्र इराणच्या त्या ईशान्य प्रदेशाचे नाव आजवर वागवीत आहे. भावमिश्रांनी त्यास पारसीक यवानी म्हटले व तो मादक असल्याचेही नोंदवून ठेवले. त्यातील हायोसायमीन व स्कोपोलामीन ही धोत्र्यातही आढळणारी विषद्रव्ये होत.

आपल्या शास्त्रात परकीय असे काही नाहीच, असे सभांतून सांगणाऱ्या वैद्यबंधूंना अशी नावे अडचणीची वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. चरकसंहितेतील ऋषींच्या संभाषापरिषदेत कांकायन हा बाल्हीक देशीचा वैद्य बरोबरीने मत मांडतो. बाल्हीक म्हणजे अफगाणिस्तानातील बल्ख; हखामनी सम्राटांच्या काळी तो प्रदेश इराणी साम्राज्यात मोडत असे. हिंगाचे एक पर्यायनामही बाल्हीकच. लाहौलमध्ये २०२० साली हिंगाची लागवड सुरू झाली खरी, तथापि आपल्या हिंग्वष्टक चूर्णातील हिंग बहुधा अद्यापि त्याच वाटेने येतो. वाट एकतर्फी नव्हती. सासानी सम्राट पहिला खुस्रो (इ. स. ५३१-५७९) याचा वैद्य बुर्झोय भारतात आला. तो संजीवनी वनस्पतीच्या शोधार्थ निघाला होता, असे फिरदौसी सांगतो. परतताना त्याने नेले ते पंचतंत्र!

तेव्हा ‘पारसीक’ हे विशेषण म्हणजे कमीपणा नव्हे. ते द्रव्याची ओळख आहे आणि येथे तर सावधगिरीची सूचनाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये पारसीक यवानीचा विषारी द्रव्यांत समावेश आहे. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. मग सुट्या बरणीवर नुसते ‘खुरासानी’ का असावे? औषधालयांच्या मालकांनी पूर्ण नाव लिहावे, बरणी किराण्याच्या फळीवरून हलवावी व वैद्यांच्या चिठ्ठीवाचून ती उघडू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. लिंबागणेशच्या त्या दुकानदाराने त्याच सायंकाळी नवी चिठ्ठी चिकटवली.