उद्याची भाकरी

काही शब्द आपल्या तोंडी इतके बसलेले असतात, की त्यांचा अर्थ कुणी विचारला तर क्षणभर गप्प व्हावे लागते. ख्रिस्ती बांधवांच्या प्रभूच्या प्रार्थनेत असा एक शब्द आहे. मराठीत ‘रोजची भाकर’ म्हणतात, त्यातला हा ‘रोजची’. मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’. जगभर कोट्यवधी माणसे ही प्रार्थना म्हणतात. पण या शब्दाचा नेमका अर्थ आजही कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

याचे कारण असे, की हा शब्द बायबलात दोनच ठिकाणी येतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात. दोन्हीकडे याच प्रार्थनेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ग्रीकचा मोठा पंडित. त्यानेही लिहून ठेवले, की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आहे, ना सामान्यांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. १८८९ मध्ये इजिप्तमधल्या एका जुन्या पपायरसवर, घरखर्चाच्या यादीत, हा शब्द सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे तो कागद गहाळ झाला. १९९८ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा मिळाला. नीट वाचून पाहिले, तर तिथे भाकरी नव्हती, तेल होते!

मग अनुवादकांनी काय करावे? चौथ्या शतकातल्या जेरोमने लॅटिनमध्ये लूकच्या ठिकाणी ‘रोजची’ लिहिले आणि मत्तयाच्या ठिकाणी ‘भौतिक अन्नापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द योजला. सिरियाक भाषेत एकाने ‘नित्याची’ म्हटले, दुसऱ्याने ‘गरजेपुरती’. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. अशा एकेका शब्दापाशी त्यांना किती थांबावे लागले असेल, असे राहून राहून वाटते.

या सगळ्या अर्थांत मला एक विशेष भावतो. ग्रीकमध्ये ‘एपिऊसा’ म्हणजे ‘येणारा’ दिवस. प्रेषितांच्या कृत्यांत ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणायला हाच शब्द आला आहे. त्यावरून ‘एपिऊसिओस’ म्हणजे ‘उद्याची’. जेरोमनेही नोंदवले आहे, की इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात त्याला या जागी ‘उद्याची’ अशा अर्थाचा शब्द आढळला.

वाचक विचारतील, त्याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो. मग उद्याची भाकरी आज कशी मागायची? मला यात विरोध दिसत नाही. आमची आजी रात्री डबा उघडून सकाळपुरते पीठ आहे ना, एवढे बघायची आणि मगच दिवा मालवायची. पीठ असले की तिला शांत झोप लागे. वर्षभराची कणगी भरून ठेवण्याची हाव वेगळी आणि पहाटे चूल पेटेल एवढा भरवसा वेगळा. रानात मिळालेला मान्ना लोकांनी साठवला तेव्हा त्यात किडे पडले, ही निर्गमातली गोष्ट हावेची आहे. ही प्रार्थना भरवशाची आहे.

हा भरवसा कुणाच्या हाती असतो? मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा धनीही संध्याकाळीच दिवसाचा रोज देतो, आणि तासभरच राबलेल्यालाही पूर्ण रोज देतो. संध्याकाळी हातात पडणारा हा रोज म्हणजेच उद्याची भाकरी. ‘बाजाराच्या दिवशी बघू’ म्हणून आपण गड्याला परत पाठवतो, कामवाल्या बाईंचा पगार चार दिवस पुढे ढकलतो. आपल्या लेखी ते चार दिवस असतात. त्या घरात तेवढ्या चार रात्री डब्याचा तळ बघून दिवा मालवला जातो.

शिवाय प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही, ‘आमची’ आहे. एपिऊसिओसचा वाद विद्वान पुढेही घालत राहोत. ‘आमची’ या शब्दाच्या अर्थाबद्दल मात्र शंका नाही.