बेगमी आणि साठेबाजी

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. मधल्या चार तासांत शहरोशहरी किराणा दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांची संभावना अनेकांनी ‘साठेबाजी’ या एका शब्दात केली. ही संभावना अन्यायाची होती. साठेबाज माल दडवतो तो भाव चढावा म्हणून. रांगेतला कारकून किंवा शिक्षक घरच्या चार तोंडांच्या काळजीने तेथे उभा होता. तथापि परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक उरला नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्याच्या गाठीला पैसा होता त्याने महिन्या-दोन महिन्यांचे सामान उचलले. रोज संध्याकाळी पावशेर तेल आणि किलोभर पीठ नेणाऱ्या रोजंदाराच्या वाट्याला रिकामी फळी आली.

दोष साठा करण्यात नव्हता, तो करण्याच्या वेळेत होता. स्वस्थ काळात थोडे थोडे घेतलेले धान्य बाजाराला जाणवतही नाही. तेच चार तासांत उचलले की, टंचाई नसताना टंचाई निर्माण होते. ज्याने आधीच बेगमी केली आहे, तो संकटाच्या दिवशी रांगेत नसतो आणि त्याच्या वाट्याचा माल दुसऱ्यासाठी मोकळा राहतो, इतका हा साधा व्यवहार आहे.

मराठी घराला ही समज नवी नव्हे. देशावर पेव, बळद आणि कणगी होत्या. कोकणात आगोटीपूर्वी मीठ, मिरची, सुकी मासळी आणि लाकूडफाटा भरला जाई. गोव्यात पुरुमेंताच्या फेस्तांत आजही पावसाळ्याची खरेदी होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर गड बांधण्यापूर्वी पाणी पाहण्याची, आणि झरा असला तरी त्यावरच निश्चिंत न राहता टाकी बांधण्याची ताकीद आहे. ही रीत मोडली ती केवळ आळसाने, असे म्हणता येत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत कोठीची खोली नसते आणि चौरस फुटाच्या दराने पाहिले तर गव्हाच्या पोत्याखालची जागा गव्हाहून महाग पडते. त्यामुळे कोठीघर आधी वाण्याच्या दुकानात आणि आता दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामात गेले. सोय झाली, हे खरे. पण ती रस्ता चालू असेपर्यंतची.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच पुरात बुडाल्याने दाराशी नदी आणि नळ मात्र कोरडा, अशी अवस्था झाली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही अनेक भागांत वीज गेली होती. वीज गेली की पंप थांबतो, गच्चीवरची टाकी रिती होते आणि भिंतीवरचे जलशुद्धीकरण यंत्र शोभेपुरते उरते. म्हणून धान्याच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो.

हिशेब अवघड नाही. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी रोज तीन लिटर धरले (जपानचे शासन आपल्या नागरिकांना हेच प्रमाण सांगते) तर चौघांच्या कुटुंबास आठवड्याला ८४ लिटर लागतात. पन्नास लिटरची दोन पिंपे पुरतात. मात्र त्यांना घट्ट झाकण हवे. उघड्या साठ्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो, आणि संकटासाठी ठेवलेले पाणीच संकट आणते. दर आठवड्याला ते धुण्याभांड्याला वापरून पिंप घासून पुन्हा भरावे. दहा-बारा किलो धान्य आणि दोन किलो डाळ एवढ्यात आठवडा निभावतो. पण शेगडी पेटेलच असे नाही, तेव्हा पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सातूचे पीठ हेही जवळ असावे. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. एरवी ही बेगमी सोंड्यांच्या कामी येते.

हा सल्ला शिक्षकाला देता येतो, नाक्यावरच्या मजुराला देणे ही थट्टा होईल. आठवड्याचे पैसे एका वेळी हाती नसल्यामुळेच तो लहान पुड्या चढ्या दराने घेतो. त्याची बेगमी शासनानेच केली पाहिजे. मेळघाटासारख्या दुर्गम भागांत पावसाळ्याचे धान्य आधी पोचवण्याची पद्धत जुनी आहे. २०२५ साली केंद्राने जून ते ऑगस्टचे रेशन एकत्र उचलून वाटण्याची सूचना राज्यांना दिली होती. निदान कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात तरी हा दरवर्षीचा नियम व्हावयास हवा. अर्थात तीन महिन्यांचा शिधा पत्र्याच्या खोलीत जमिनीवर ठेवला, तर पहिल्याच पुरात तो वाहून जाईल. अशा गावांत शाळेच्या वरच्या मजल्यावरची एखादी खोली मे महिन्यातच त्यासाठी मोकळी करून घेणे, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे काम नाही.