आधी बघा, मग तारे वाटा

‘मिस मार्व्हल’ ही मालिका जून २०२२ मध्ये आली आणि लगेच आयएमडीबीवर एकेका ताऱ्याचा मारा सुरू झाला. जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुसलमान मुलगी सुपरहिरो होते, एवढं कारण अनेकांना पुरलं. त्यात द्वेष होता आणि त्याला द्वेषच म्हणायला हवं.

पण आपण काय केलं? आपल्यातल्या काहींनी एकही भाग न बघता दहापैकी दहा दिले, का तर कमला खान ‘आपली पोरगी’. काहींनी तिच्या डोक्यावर ओढणी नाही म्हणून एक दिला. द्वेष करणारे, कौतुक करणारे आणि रागावलेले, तिघांचं काम एकच होतं. मालिका बाजूला राहिली, सगळे मुसलमानांना गुण देत बसले.

हिशोब साधा आहे. पन्नास जणांनी १० दिले, पन्नास जणांनी १ दिला, तर सरासरी ५.५ येते. हे मत त्या शंभरातल्या एकाचंही नसतं. आयएमडीबी सरळ सरासरी न काढता मतांना कमी-जास्त वजन देते. तरी मत देणाऱ्याने मालिका खरंच पाहिली का, हे कुठल्याच सूत्राला कळत नाही.

या गोंगाटात काय हातचं गेलं पाहा. दुसऱ्या भागात कमलाची मैत्रीण नकिया मशिदीत बायकांच्या वाट्याला आलेल्या जागेची दुरवस्था बघून चिडते आणि मशिदीच्या कार्यकारिणीची निवडणूक लढवायचं ठरवते. नकिया हिजाब घालते. ओढणीवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हिजाब घालून मतं मागणारी मुलगी दिसलीच नाही! मुस्लिम बायकांना मशिदीत जाऊ द्यावं, यासाठी पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आपल्या दारातला प्रश्न मार्व्हलच्या मालिकेत आला आणि आपण तारे मोजत बसलो.

खरे चाहते वेगळं भांडले असते. २०१४ मध्ये कमलाचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं. संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन, दोघीही मुसलमान. त्यात शक्ती मिळताच कमला आधी सोनेरी केसांची, गोरी कॅप्टन मार्व्हल बनते. दुसऱ्यासारखं दिसण्याची हौस आणि मग आपल्याच चेहऱ्याकडे परत येणं, हा त्या गोष्टीचा गाभा. मालिकेने रूप बदलण्याची ती शक्ती काढून हातात बांगडी आणि प्रकाश दिला. माझ्या मते इथे गोष्टीची धारच गेली. खलनायकही कच्चे आहेत. उलट फाळणीचा भाग मला उत्तम वाटतो. तुम्हाला हे पटणार नाही? मग वाद घाला, पण प्रसंग दाखवून घाला.

‘समाजावर चहूबाजूंनी हल्ले होताना आपल्याच माणसांवर टीका कशाला?’ असं विचारलं जातं. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ ही कादंबरी लिहिली ती कोकणातल्या आपल्याच माणसांवर, आणि त्यांना संत न करता. म्हणून ती माणसं खरी वाटतात. मुसलमान नाव दिसताच आपण दहा देत राहिलो, तर निर्माता म्हणेल, नाव टाकलं की काम भागतं. न बघता एक दिला, तर म्हणेल, या भानगडीत पडायलाच नको. दोन्हीकडे नुकसान आपलंच. चांगलं लिहायचं कारण त्याच्यापाशी उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तारे देण्याआधी निदान एक प्रसंग नाव घेऊन सांगा आणि तो का जमला किंवा का फसला ते मराठीत चार ओळींत लिहा. एवढं जमत नसेल, तर तुम्ही मालिका पाहिलेली नाही. तारे खिशातच राहू द्या.