मागचा लाल दिवा

तुमच्यापैकी काही जण भिवंडी, मालेगाव, धुळे अशा शहरांत राहत असतील. ही शहरे मुंबई-आग्रा महामार्गावर आहेत. यंत्रमागांसाठी लागणारे सूत आणि तयार कापडाच्या गाठी याच रस्त्याने ट्रकमधून जातात. तुमचे वडील, चाचा किंवा मामू स्वतः ट्रक चालवत असतील. म्हणून ट्रकच्या एका लहान भागाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. तो भाग म्हणजे मागचा लाल दिवा.

पुढचे दिवे बंद पडले, तर ड्रायव्हरलाच रस्ता दिसत नाही. तो लगेच गाडी थांबवतो. मागचा दिवा विझला, तर त्याचे काहीच अडत नाही. बऱ्याचदा त्याला ते कळतही नाही. हा दिवा त्याच्यासाठी नसतोच, मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. माझ्या मते त्याच्याकडे इतके दुर्लक्ष होते ते यामुळेच. ट्रकच्या मागे 'रात्री डिपर वापरा' असे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते, आणि खाली दिवाच नसतो!

आता थोडे गणित करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. पुढे काही आहे हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ब्रेक दाबल्यावरही गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे 40 मीटर झाले. समोरून दुसरी गाडी येत असेल आणि डोळे दिपले असतील, तर अंधारात उभा असलेला ट्रेलर इतक्या अंतरावरूनही नीट दिसत नाही. नियम सांगतो की मागचा लाल दिवा 155 मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. हा आकडा उगीच ठरवलेला नाही.

ट्रेलरचे दिवे लवकर बिघडतात, याला कारण आहे. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. त्याच्या दिव्यांना वीज पुढच्या गाडीतून केबलने येते. केबलच्या जोडात पावसाळ्यात पाणी जाते, उन्हाळ्यात धूळ बसते. खड्ड्यांच्या धक्क्यांनी बल्बमधली बारीक तार तुटते. कधी बल्ब चांगला असतो, पण अर्थिंगची तार जिथे लोखंडाला जोडलेली असते तिथे गंज चढतो. मग इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकू लागतो. अशा वेळी कितीही नवे बल्ब बसवले तरी उपयोग होत नाही. गंज खरवडून तार पुन्हा घट्ट बसवावी लागते.

दिवे तपासायला मात्र एक मिनिट पुरते. क्लीनर मागे उभा राहतो, उस्ताद ब्रेक दाबतात, क्लीनर हात वर करतो. हल्ली पुष्कळ गाड्यांवर क्लीनर नसतो, कारण मालक तो खर्च वाचवतो. तेव्हा एकट्या ड्रायव्हरने रात्री गाडीची मागची बाजू भिंतीकडे करावी. दिवे लागत असतील तर भिंतीवर लाल उजेड पडतो आणि तो आरशात दिसतो.

कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात वेगळाच प्रकार असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. ऊस इतका भरतात की मागे दिवा असला तरी तो झाकला जातो. आणि गाडी बंद पडली की काही लोक तिच्यामागे मोठे दगड मांडतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात! लाल त्रिकोण ठेवायला किती जागा लागते?

"दिवा बंद होता हे मला माहीतच नव्हते," असे अपघातानंतर ड्रायव्हर म्हणतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने यावर आधीच विचार केला आहे. त्याच्या कलम 190 प्रमाणे, जो दोष माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा धोकादायक दोषासह गाडी किंवा ट्रेलर चालवणे हा गुन्हा आहे. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. अशी गाडी जो दुसऱ्याला चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही दोषी ठरतो.

लोक हे दुसरे वाक्य विसरतात. आपण सगळा राग ड्रायव्हरवर काढतो. पण रात्री अकरा वाजता त्याने मालकाला फोन करून "दिवा गेला आहे, ढाब्यावर थांबतो," असे सांगितले, तर उत्तर काय मिळते? "माल सकाळी पोचलाच पाहिजे." उशीर झाला की त्याचेच पैसे कापले जातात. अशा वेळी ड्रायव्हरने थांबावे असे मला नक्की वाटते. त्याच्याजवळ जादा बल्ब आणि फ्यूज असावेत, हेही खरे. पण त्या थांबलेल्या रात्रीचे पैसे मालकाने द्यावेत, ड्रायव्हरच्या पगारातून कापू नयेत.