नेव्हिल डिसूझा आपल्या पोरांना माहीत का नाही?

मोमिनपुऱ्यात किंवा महालात कुठल्याही दहा-बारा वर्षांच्या पोराला मेस्सी, रोनाल्डो विचारा, क्लबसकट सांगेल. नेव्हिल डिसूझा विचारा, गप्प बसेल. पोराचे अब्बाही गप्पच बसतील.

नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळला मुंबईत. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल मारणाऱ्याची. 1 डिसेंबर 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत 4-2 ने जिंकला. सेमी फायनलमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण पुढे चार खाल्ले. शेवटी भारत चौथा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यापुढे आपण कधी गेलोच नाही.

त्या संघाचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर! (आमच्या बिरादरीतला माणूस, म्हणून जरा जास्तच अभिमान.) संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसैन, पी. के. बॅनर्जी, थंगराज आणि आपला नेव्हिल. रहीम साहेबांवर 2024 मध्ये 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा कुठे लोकांना नाव कळलं. ते स्वतः 1963 लाच गेले होते. नेव्हिल 1980 मध्ये गेला. त्याच्यावर तर सिनेमाही नाही.

आता स्वित्झर्लंड बघा. लहानसा देश. तुर्की कुटुंबातला कुबिलाय तुर्किलमाझ तिथल्या बेलिन्झोना गावात जन्मला. त्याने देशासाठी 34 गोल केले. 1996 च्या युरो कपात वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध पेनल्टी मारून त्याने सामना 1-1 केला. तो गोल आजही तिकडे आठवला जातो. खेळाडू लोकप्रिय राहतो तो नुसत्या गोलांमुळे नाही. त्याच्यामागे क्लब, लीग, वर्तमानपत्रं, टीव्ही उभे असावे लागतात. एका पिढीचं नाव दुसऱ्या पिढीला सांगणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडे ते सांगणारंच मोडलं. पूर्वी मुंबईत फुटबॉल म्हणजे नोकरी होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया. चांगला खेळलास तर पगार, त्यातून घर चालायचं. गिरण्या गेल्या, संघ गेले. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. सुनील छेत्रीने 2024 मध्ये निवृत्ती घेतली, तरी 2025 मध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं, कारण गोल मारणारा दुसरा तयार नव्हता. आयएसएलमध्ये पुढच्या जागेवर बहुतेक क्लब परदेशी खेळाडूच घेतात. मग आपला स्ट्रायकर घडणार कुठे?

नागपूरला मात्र खेळाची कमी नाही. कामठीचा रब्बानी क्लब आहे, शहरात यंग मुस्लिम आहे. 2025 च्या मार्चमध्ये महालचं नाव दंगलीपायी देशभर गेलं. पण त्याच भागातली पोरं एकाच चेंडूमागे पळतात, तिथे कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

आई-वडिलांचा सवाल वेगळा असतो आणि तो रास्तच आहे: "सर, खेळून काय मिळणार?" मी स्वप्नं दाखवत नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. दोन्हीसाठी कागद लागतात, आणि आपली पोरं मैदानात पुढे, कागदात मागे. म्हणून शाळेकडून सुब्रोतो कप किंवा जिल्हा स्पर्धा खेळला असेल तर सर्टिफिकेट त्याच आठवड्यात मागून घ्या. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही आजच बघा.