आकडा कोरला, नावे राहिली

सातारा शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर अपशिंगे नावाचे गाव आहे. सरकारी कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडीही ते 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान परमुलखात धारातीर्थी पडले. इंग्रज सरकारने त्यांची आठवण म्हणून गावात स्मारक उभारले. पुढे प्रत्येक युद्धात गावाने आपला वाटा दिला आणि घरटी एक तरी माणूस फौजेत, ही गावची ख्याती झाली. अपशिंग्याचे नाव झाले म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची एखादी लहानशी पाटी बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच तिचा आशय. गेले किती, पडले किती, हे दोन आकडे. नाव एकाचेही नाही.

शंभर वर्षे उलटल्यावर त्याच गावांत दुसरा दगड आला. ऑगस्ट २०२३ मध्ये 'माझी माती, माझा देश' या मोहिमेत देशभरातल्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले. देशासाठी प्राण वेचलेल्या गावच्या वीरांची नावे त्यांवर कोरावीत, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. पण नावे कोरायची तर ती आधी कोणाला तरी माहीत असावी लागतात. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत पडलेल्यांची नावे सरकारकडे आहेत. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. त्याआधी जे पडले त्यांचे काय? गावात एक दगड आकडा सांगतो, दुसरा दगड नावे सांगू पाहतो, आणि या दोहोंच्या मधली माणसे कुठल्याच दगडावर नाहीत.

हे असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे लढाईवर किंवा लढाईच्या कामावर गेली आणि त्यातली ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. साम्राज्याच्या मृतांची नोंद आणि निगा ठेवण्यासाठी १९१७ मध्ये लंडनला एक आयोग स्थापन झाला. मृत्यूनंतर हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही, प्रत्येकाचे नाव कोरायचे, हे त्याचे जाहीर तत्त्व होते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर ते बऱ्याच अंशी पाळले गेले. तेथे चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे आहेत. पण मराठी मुलखातली माणसे मुख्यतः पडली ती फ्रान्समध्ये नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११७ वी मराठा अशा पलटणी तिच्यात होत्या. कुत-अल-अमारा येथे ही फौज डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. सुमारे पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांपैकी असंख्य शिपाई त्यानंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि बंदिवासात संपले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि त्याखाली फक्त संख्या आली. म्हणजे गावच्या पाटीवर जे झाले तेच तिकडे मोठ्या प्रमाणावर झाले.

ही नजरचूक नव्हती, धोरण होते. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये तसा अहवाल दिला. भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि निदान १ लाख १६ हजार जणांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, कदाचित कसलेच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. 'नेटिव्हां'ना नावाच्या दगडाचे काय, असा विचार त्या काळी फायलींतून चालला होता. अहवालानंतर ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. माफीचे मोल कमी लेखू नये. पण लंडनने माफी मागितल्याने साताऱ्याच्या खेड्यातल्या पाटीवर नाव उमटत नाही. ते काम इथलेच आहे.

नावाला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुणे-नगर रस्त्यावरच भेटते. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने जयस्तंभ उभारला. त्यावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यांत २२ नावे महार सैनिकांची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच समाजाला सैन्याची दारे बंद झाली. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा वाचायला तेथे नावे होती. महार रेजिमेंट पुढे १९४१ मध्ये उभी राहिली. दगडावर नावे होती म्हणून शंभर वर्षांनी त्यांच्या वारसांना 'हे आमचे' असे म्हणता आले. आकड्यावर असा हक्क सांगता येत नाही. तो कोणाचाही असतो, म्हणून कोणाचाच नसतो.

आता प्रश्न, ही नावे आणायची कुठून? याबाबतीत पंजाबने वाट दाखवली आहे. युद्ध संपताच पंजाब सरकारने गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या तयार केल्या होत्या. कोण गेला, कोणत्या पलटणीत, परतला की पडला, असा तो तपशील. सव्वीस हजार पाने लाहोरच्या संग्रहालयात जवळपास शतकभर पडून होती. २०२१ मध्ये त्यांचा एक भाग संगणकावर आला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा सापडू लागले.

मराठी गावांचे दप्तर अशा एका जागी बांधलेले नाही, ते विखुरलेले आहे. पण म्हणून ते मुके नाही. मुंबई इलाख्यात पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत हक्कनोंदणीची पद्धत रुळली होती. गावचा शिपाई बसऱ्याला मेला, तरी त्याच्या नावावरची अर्धा-पाऊण एकर जमीन गावातच होती. ती विधवेच्या, मुलाच्या किंवा भावाच्या नावे लावताना फेरफार पडला, वारसाची नोंद झाली. मृत्यूचे कारण तेथे लिहिलेले असेल किंवा नसेलही. पण १९१६ ते १९२० या वर्षांतल्या तरुण मयतांच्या वारसनोंदी काढल्या, की शोधाला सुरुवात करता येते. उलट गावच्या मृत्यूनोंदवहीवर विसंबता येत नाही. परमुलखातले मरण तिच्यात येत नाही. शिवाय १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे नेली. ती पाने त्या मरणांनीच भरली आहेत.

जमिनीच्या कागदाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याला जमीनच नव्हती, त्याचा फेरफार कुठला? म्हणून केवळ तलाठ्याच्या दप्तरावरून यादी केली तर भूमिहीन शिपाई, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, हमाल दुसऱ्यांदा वगळले जातील. त्यांच्यासाठी अन्य वाटा धुंडाळाव्या लागतील. विधवेच्या पेन्शनचे कागद, ट्रंकेच्या तळाशी जपलेली पदके, मृताच्या घरी पाठवलेली वीतभरापेक्षा लहान ब्राँझची चकती, जिच्यावर हुद्द्याविना फक्त नाव असते. दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या पिढ्या सांगत फिरणारे हेळवी आहेत, त्यांच्या वह्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या पिढीसाठी शाळेचे जनरल रजिस्टर आहे. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते.

युद्धस्मृती आयोगाच्या यादीत आज अनेक भारतीय शिपायांची नावे आहेत. बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असाही तपशील पुष्कळदा असतो. पण तो साहेबाच्या कानाने ऐकलेला आणि साहेबाच्या हाताने लिहिलेला. पवाराचा 'पोवार' झालेला, वाडीचे नाव ओळखू न येण्यासारखे. तेथे नाव आहे, पण घर सापडत नाही. गावात घर आहे, पण नाव विसरले गेले आहे. ही दोन टोके जुळवणे लंडनच्या कारकुनाला शक्य नाही. ते गावच्या शिक्षकाला, जुन्या पोलीस पाटलाच्या नातवाला आणि भावकी जाणणाऱ्या एखाद्या आजीला शक्य आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ही माणसे साम्राज्यासाठी लढली, देशासाठी नव्हे. त्यांचे गोडवे कशाला? गोडवे गाण्याचा प्रश्नच नाही. १९१४ मध्ये शिपायाला महिना अकरा रुपये मिळत. कोरडवाहू तुकड्यावर आणि सावकाराच्या वहीवर जगणाऱ्या घराला ते अकरा रुपये काय होते, हे दुष्काळी भागात सांगण्याची गरज नाही. शिवाय त्या काळचे राजकारणही आजच्या चष्म्यातून दिसते तितके सरळ नव्हते. अधिकाराच्या जागा हिंदी माणसांना देणार असाल तर भरतीला साह्य करू, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती. गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरले. पुढाऱ्यांच्या या भूमिका आपण इतिहास म्हणून समजून घेतो आणि शिपायाला मात्र भाडोत्री ठरवून मोकळे होतो, हा न्याय नव्हे. त्याला हुतात्मा म्हणा किंवा म्हणू नका, पण तो कोण होता हे तरी लिहा.

ज्याला पराक्रमाचे मोठे पदक मिळाले त्याची आठवण राहते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा झाला. ते योग्यच झाले. पण नाव राहण्यासाठी प्रत्येकाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवावा, अशी अट आपण घालणार आहोत काय?

काम फार मोठ्या खर्चाचे नाही. ज्या गावात अशी पाटी आहे त्या ग्रामसभेने ठराव करावा. तलाठी दप्तर, शाळा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांनी आपापल्या नोंदी पाहू द्याव्यात. जुने दप्तर बरेचसे मोडीत आहे आणि मोडी वाचणारे हात थोडे उरले आहेत, म्हणून घाई केली पाहिजे. नाव नक्की ठरले तरच ते कोरावे, संशय असेल तर वहीत राखून ठेवावे. खोटे नाव कोरण्यापेक्षा रिकामी जागा बरी. पाटीवर सात लिहिले असतील आणि पाचच नावे हाती लागली, तर पाचच लिहावीत. उरलेल्या दोघांसाठी खाली दोन ओळी सोडाव्यात. त्या रिकाम्या ओळी बघून गावातले कोणी तरी घरी जाऊन जुनी ट्रंक उघडील.