चावीशी कट्टी!

परवा काटोलहून येताना कळमेश्वरात माझी सेकंडहॅण्ड कार बंद पडली. गॅरेजवाल्या भाऊंनी जळालेला ईसीयू बदलला. पण इंजिन दोन सेकंद धडधडून गप्प! डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय.

"मॅडम, गाडी तुमच्या चाबीले ओळखूनच नाही राहिली," भाऊ म्हणाले.

चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीयू यांचे गुप्त कोड जुळले तरच इंजिन चालतं. चोरांना रोखणारी ही सोय युरोपात १९९८ पासून नव्या कार्सना सक्तीची आहे. ईसीयू बदलला की कोड सॉफ्टवेअरने पुन्हा जुळवायचे.

नागपूरहून लॅपटॉपवाला आला, स्टिअरिंगखाली केबल लावली आणि पिन विचारला. तो होता जुन्या मालकाकडच्या कार्डावर. मी कधी मागितलंच नव्हतं! कार शेवटी टेम्पोवर घरी आली.

दोस्तहो, जुनी गाडी घेताय? टायर नंतर बघा. आधी दोन्ही चाव्या आणि ते कार्ड मागा.